पॅड, हेडर आणि डाख : तांत्रिक परिभाषेचे एक परीक्षण

परिभाषेचा विचार आपल्याकडे बहुधा कोशाच्या बाजूने केला जातो. इंग्रजी संज्ञा डावीकडे, मराठी पर्याय उजवीकडे, आणि वाद असतो तो उजवीकडच्या शब्दाच्या शुद्धाशुद्धतेचा. प्रस्तुत लेखात हा विचार कामाच्या बाजूने करावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले काम लहान आहे : विद्युत्-मंडलाच्या तयार आराखड्यात काही पॅड आणि एक हेडर वाढविणे. नांदेड व लातूर येथील पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्पाच्या निमित्ताने कधी ना कधी करावे लागते. ते मराठीत नीट सांगता येते काय, एवढाच आपला प्रश्न आहे.

प्रथम काम समजून घेऊ. छापील मंडलफलकावर तांब्याचे अरुंद पट्टे असतात व त्यांवर रोधक लेप दिलेला असतो. हा लेप जेथे मुद्दाम उघडा ठेवून तांबे मोकळे सोडतात, त्या ठिकाणास पॅड म्हणतात. डाख बसतो तो तेथेच. हेडर म्हणजे समान अंतरावर उभ्या केलेल्या पिनांची ओळ. सर्वाधिक रूढ अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. पिन चौरस असून तिची बाजू सुमारे ०.६४ मिलिमीटर असते. तिचा कर्ण ०.९ मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणून छिद्र साधारणतः १ मिलिमीटरचे ठेवतात. मात्र आराखड्यात हेडर वाढवावयाचे म्हणजे फलकाच्या चित्रावर चार छिद्रे काढणे नव्हे. आधी मंडलाच्या मूळ आकृतीत जोडणीचे चिन्ह घालावे लागते, प्रत्येक पिनेचा संबंध कोणत्या तारेशी आहे हे ठरवावे लागते, आणि मग ती माहिती फलकाच्या आराखड्यात उतरते. हा क्रम मोडून पॅड नुसते चित्रावर ठेवले, तर ते तांब्याचा एक सुटा ठिपका होऊन राहते. दिसते, परंतु कशालाच जोडलेले नसते.

आपल्या पारिभाषिक शब्दांपैकी पुष्कळांची स्थिती अशीच आहे, असे आमचे मत आहे. शब्द कोशात आहे. पण त्याला क्रियापद नाही, त्याची विभक्तिरूपे कोणाच्या तोंडी नाहीत, आणि शेजारच्या शब्दांशी त्याचा व्यवहार नाही.

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. निजामाच्या राज्यात १९१७ मध्ये भाषांतरसंस्था स्थापन झाली व १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता आणि त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यासाठी घडविलेल्या शास्त्रीय संज्ञा बव्हंशी अरबी-फारसी धातूंवरून सिद्ध झालेल्या असल्याने, घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला त्या इंग्रजीइतक्याच परक्या होत्या. १९४८ नंतर तेथील माध्यम बदलले. १९६० मध्ये महाराष्ट्रात भाषा संचालनालय आले आणि १९६१ मध्ये केंद्रीय परिभाषा आयोग स्थापन झाला. आता धातू संस्कृत झाले. विद्यार्थ्याचे अंतर मात्र फारसे कमी झाले नाही. तात्पर्य, शब्द ‘देशी’ आहे की नाही हा प्रश्न, तो कोणाच्या तोंडी आहे या प्रश्नाची जागा घेऊ शकत नाही.

ह्यावर, मग इंग्रजी शब्दच चालू द्यावेत, असे म्हटले जाते. ह्या म्हणण्याचीही परीक्षा केली पाहिजे. परका शब्द भाषेत मुरला की नाही हे त्याच्या रूपांवरून कळते. ‘पिन’ हा शब्द स्त्रीलिंगी झाला, त्याचे अनेकवचन ‘पिना’ झाले, ‘पिनेला’, ‘पिनेवर’ अशी सामान्यरूपे सिद्ध झाली. तो मराठी झाला. ‘बोर्ड’ वाटेवर आहे : ‘बोर्डाला’ आणि ‘बोर्डला’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. ‘पॅड’ व ‘हेडर’ यांना प्रत्यय लागतात, पण सामान्यरूप बहुधा होत नाही. ते उंबरठ्यावर आहेत. अशा शब्दांना हाकलण्यात अर्थ नाही. ‘हेडर’साठी ‘शीर्षिका’ आणि ‘पॅड’साठी ‘गादी’ असे शब्द कोणी सुचविले, तर ते वस्तूचे नव्हे, इंग्रजी शब्दाचे भाषांतर ठरेल. वस्तूकडे पाहणारा मनुष्य हेडरला ‘पिनांची पट्टी’ म्हणेल व पॅडला ‘तांब्याची टिकली’. हे पर्याय कोशात घालावेत असा आमचा आग्रह नाही. परंतु समजावून सांगताना त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

‘सोल्डर’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. येथे रिकामी जागा नव्हतीच. सोनार, तांबट, कासार यांच्या व्यवहारात ‘डाख’ आहे, ‘झाळणे’ आहे. कथील, शिसे, राळ, नवसागर, कल्हई हे सारे शब्द आहेत. ‘झाळ’ ह्या शब्दाला ज्वाळेची धग हाही अर्थ असल्याने संदिग्धता संभवते. ‘डाख’ला तो दोष नाही. शिवाय ‘डाखणे’, ‘डाखलेला’, ‘डाख सुटला’ अशी रूपे त्यापासून सहज होतात, तर ‘सोल्डर’ला प्रत्येक वेळी ‘करणे’ किंवा ‘मारणे’ यांचा टेकू लागतो.

ह्याचा परिणाम केवळ शैलीवर होतो असे नाही. एका तंत्रशिक्षण संस्थेत तोंडी परीक्षेच्या वेळी प्रस्तुत लेखक भाषानिरीक्षणासाठी उपस्थित होता. हेडरच्या चार पिनांपैकी जमिनीशी जोडलेल्या पिनेचा डाख नीट बसत नव्हता. कारण विचारले असता विद्यार्थी म्हणाला, “तिथं ताव धरत नाही सर, बाजूचं सगळं तांबं उष्णता ओढून घेतंय.” उत्तर बिनचूक होते. त्रेसष्ट भाग कथील व सदतीस भाग शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. पण पॅड तांब्याच्या मोठ्या पत्र्याला सर्व बाजूंनी जोडलेले असेल, तर उष्णता पसरून जाते व पॅड पुरेसे तापतच नाही. म्हणून आराखड्यात अशा पॅडला पत्र्याशी तीन-चार अरुंद पट्ट्यांनीच जोडतात. विद्यार्थ्याला कारण ठाऊक होते, ह्या योजनेचे इंग्रजी नाव ठाऊक नव्हते. परीक्षकाने नाव मागितले आणि गुण दिले नाहीत. ‘ताव’ हा लोहाराच्या भट्टीवरचा शब्द त्या मुलाने अचूक ठिकाणी योजला होता, ही गोष्ट कोणाच्या लक्षातही आली नाही.

संगणकावरील आराखड्याची चिन्हे व आज्ञा बहुधा इंग्रजीतच समोर येतात, आणि पुढे नोकरीत तीच नावे लागतात, हा आक्षेप खरा आहे. विद्यार्थ्याला ती नावे आलीच पाहिजेत. परंतु नाव येणे आणि कारण कळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२१ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मान्यता दिली आहे. ही सोय सार्थ व्हावयाची असेल, तर पाठ्यपुस्तककारांनी तीन गोष्टी पाळाव्यात : वस्तूचे रूढ नाव, मग ते इंग्रजी का असेना, तसेच ठेवावे, क्रियेसाठी कारागिरांचे जिवंत क्रियापद घ्यावे, आणि कारण सांगताना विद्यार्थ्याच्या बोलीतील शब्द ग्राह्य धरावा.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ह्यातून एक काम उभे राहते. नांदेड-लातूरच्या बाजारपेठांतील तांबट, सोनार आणि रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणारे यांची क्रियापदे प्रथम टिपून घेतली पाहिजेत. कोश त्यानंतर करावा.