वाद, जल्प आणि एच-वन-बी

पॉल ग्रॅहमचा ‘हाऊ टू डिसअग्री’ हा निबंध मार्च २००८चा. आकाराने अगदी लहान, पण इंटरनेटवर नेमाने वाद घालणाऱ्या पुष्कळांना त्यातली शिडी ठाऊक असते, निबंध वाचलेला नसला तरी. (पुढे कुणीतरी त्या शिडीचं पिरॅमिडच्या आकाराचं रंगीत चित्र केलं आणि मग ते चित्रच जास्त फिरलं.) असहमतीच्या सात पायऱ्या. सगळ्यात खाली, शून्यावर, शिवीगाळ. मग व्यक्तीवर घसरणं, मग सुराबद्दल तक्रार, मग नुसताच नकार, मग उलट युक्तिवाद, मग खंडन, आणि सगळ्यात वर, सहाव्या पायरीवर, मूळ मुद्द्याचं खंडन.

निबंधात घेण्यासारखं बरंच आहे. समोरचा उर्मटपणे पण बरोबर बोलला, तर उर्मटपणाकडे फार लक्ष देऊ नये, असं ग्रॅहम स्वच्छ सांगतो. ‘आधी भाषा नीट वापरा’ म्हणत मुद्दा बुडवायची आपल्याकडची सवय पाहता हे भिंतीवर लिहून ठेवावं. शिवाय ही शिडी विधानाचं फक्त रूप सांगते, सहाव्या पायरीवरचं उत्तरही साफ चुकीचं असू शकतं, हेही तो स्वतःच मान्य करतो.

माझी तक्रार वेगळी आहे. शिडी एकेक उत्तर सुटं काढून मोजते. उत्तर देणारा कशासाठी आलाय आणि ऐकायला कोण बसलंय, हे प्रश्न तिच्यात येतच नाहीत. आणि बहुतेक वाद नेमके तिथेच नासतात.

डिसेंबर २०२४मधला एच-वन-बीचा वाद आठवा. ट्रम्प यांनी श्रीराम कृष्णन यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या धोरणाचे सल्लागार नेमलं आणि ऐन नाताळात ट्रम्पसमर्थकांमध्येच जुंपली. लॉरा लूमर एका बाजूला, मस्क आणि रामस्वामी दुसऱ्या. ठिणगी कशाची होती? ग्रीन कार्डावरची देशनिहाय मर्यादा काढावी, असं कृष्णन यांनी त्याआधी लिहिलं होतं. नोकरीच्या आधारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांपेक्षा जास्त जात नाहीत. भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही ती मुख्यतः यामुळे. पण ‘मर्यादा’ हा एकच शब्द उचलला गेला, आणि हा माणूस स्थलांतरावरची सगळीच मर्यादा उठवा म्हणतोय, असा गदारोळ झाला. डेव्हिड सॅक्स यांना मध्ये पडून खुलासा करावा लागला.

न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात याच प्रकाराचं उदाहरण आहे. एकजण म्हणतो, हा मुलगा नवकंबल आहे. म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, कुठे आहेत नऊ? एकच तर दिसतेय! याला वाक्छल म्हणतात. ग्रॅहमच्या मापाने मात्र हे उत्तर खंडनातच मोडेल, कारण ते समोरच्याचा शब्द उचलून, पुरावा दाखवून दिलेलं आहे.

हे लिहिताना थोडं सावध राहायला हवं. ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ हे पालुपद इथे परदेशात जरा जास्तच ऐकू येतं आणि मला त्यात सूर मिसळायचा नाही. गौतमाला ट्विटर ठाऊक नव्हतं. त्या सभांमध्ये कोणाला बसायला मिळत होतं आणि कोणाला नाही, हेही आपल्याला माहीत आहे. पण न्यायसूत्रांनी चर्चेचे प्रकार पाडले ते हेतूवरून, हे मला महत्त्वाचं वाटतं. तत्त्व शोधायला बसलात तर वाद. जिंकायला बसलात तर जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची पाडायला बसलात तर वितंडा. मराठीत आपण वितंडवाद म्हणजे निरर्थक हुज्जत असं समजतो, पण मूळ अर्थ असा नेमका आहे.

आता एच-वन-बीच्या वादातला एक ओळखीचा गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. आवाज कधी चढत नाही. प्रत्येक विधानाला ‘आधार काय?’ विचारतो. आधार दिला की त्यातली फट दाखवतो, आणि बहुतेक वेळा ती खरोखरच असते. पण व्हिसा बंद करायचे, कमी करायचे, की पगाराची अट वाढवायची, याचा थांगपत्ता तो दोनशे उत्तरांतही लागू देत नाही. ग्रॅहमच्या शिडीवर हा कायम वरच्या पायऱ्यांवर. न्यायाच्या हिशेबाने हा वैतंडिक. ही शिवी नव्हे, कारण वितंडेचाही उपयोग सूत्रकारांनी सांगितला आहे: कोवळ्या रोपांभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण करतात, तसा. मात्र कुंपणालाच शेत समजू नये.

आपली बाजूही तपासायला हवी. एकाच उमेदवारासाठी अनेक कंपन्यांतून अर्ज भरून लॉटरीत संधी वाढवायचे प्रकार झाले, म्हणून २०२४मध्ये इमिग्रेशन खात्याने अर्जांऐवजी माणसं मोजायला सुरुवात केली. हा विषय मराठी मंडळींत काढून पाहा. ‘अमेरिकन कंपन्या काय धुतल्या तांदळासारख्या आहेत?’ हे उत्तर ठरलेलं. न्यायात याला मतानुज्ञा म्हणतात आणि ते चक्क पराभवाच्या बावीस स्थानांपैकी एक आहे. समोरच्यात तोच दोष दाखवलात, म्हणजे आपल्यातला मान्य केलात.

शिडीतली सगळ्यात खुपणारी पायरी पहिली, व्यक्तीवर घसरण्याची. ग्रॅहमचं उदाहरण सिनेटरचं आहे. सिनेटरांचे पगार वाढवावेत, असा लेख सिनेटरनेच लिहिला, तर ‘तो म्हणणारच’ हे खंडन नव्हे, फार तर थोडंसं प्रस्तुत आहे. ठीक. पण सिनेटरचं या उत्तराने काहीच बिघडत नाही. ‘तू म्हणणारच, व्हिसावर आहेस’ हे ऐकणाऱ्याचं बिघडतं. ‘तू म्हणणारच, तुझी नोकरी गेली’ हे ऐकणाऱ्या अमेरिकन प्रोग्रामरचंही बिघडतं. दोघांकडे अनुभव आहे आणि नेमका तोच त्यांच्याविरुद्ध वापरला जातो. मग ज्याची नोकरी गेलेली नाही आणि व्हिसाही संपत नाही, असा तिसराच कुणीतरी तक्ते टाकत सहाव्या पायरीवर जाऊन बसतो. काही गमवायचं नसलेल्याला शिडी सोपी जाते. (मी विद्यापीठात पोस्टडॉक आहे. विद्यापीठांना एच-वन-बीची वार्षिक ८५ हजारांची मर्यादा लागू नाही. आता मला तटस्थ म्हणायचं की अनभिज्ञ, ते वाचकांनी ठरवावं.)

राहिला सभेचा प्रश्न. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यांनी चर्चेला उतरण्याआधी काय पाहावं, ते विस्ताराने सांगितलं आहे. प्रतिस्पर्धी तर पारखावाच, पण सभाही पारखावी. सभा जाणती की अजाण, स्नेही, उदासीन की आधीच विरोधात गेलेली. विरोधात गेलेल्या सभेत कोणाशीच वाद घालू नये, असा सरळ व्यवहारी सल्ला आहे.

आपली सभा मात्र दिसतच नाही. जून २०२५पासून अमेरिकेच्या विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना आपली समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक करून ठेवायला सांगितलं जातं. डिसेंबर २०२५पासून एच-वन-बीवाल्यांनाही. म्हणजे सभेत व्हिसा अधिकारीही बसलाय. मध्यंतरी सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावणारा आदेश निघाला. त्यावर बोलायला ज्यांच्याकडे सगळ्यात जास्त होतं, त्यांच्यातले कितीतरी गप्प राहिले असतील, तर नवल नाही. या गप्प राहण्याचं काय करायचं, हे ग्रॅहमच्या शिडीला कळत नाही, कारण न बोललेल्या वाक्याला पायरीच नाही. न्यायालाही कळत नाही. तिथे उत्तर न सुचणं ही अप्रतिभा, आणि ‘मला काम आहे’ म्हणत उठून जाणं हा विक्षेप. दोन्ही पराभवाच्या यादीत. उठून जायला खरंच कारण असू शकतं, हे त्यातल्या त्यात चरकाने ओळखलं.

अशा प्रकारे वाद घातले तर लोक अधिक सुखी होतील, असं ग्रॅहम निबंधाच्या शेवटी म्हणतो. २००८मध्ये, सिलिकॉन व्हॅलीत, स्वतःची गुंतवणूक कंपनी चालवणाऱ्या माणसाला चुकीच्या उत्तराची याहून मोठी किंमत दिसण्याचं कारण नव्हतं.