‘का?’ आणि ‘म्हणून’ : लहान मुलांना निसर्ग समजावणारी मराठी

बदलापूरहून कल्याणला येणाऱ्या लोकलमध्ये, अंबरनाथ मागे पडल्यावर, शेजारची सहा वर्षांची मुलगी खिडकीला नाक लावून बसली होती. पश्चिमेला तृतीयेची कोर दिसत होती. “काकू, चंद्र आपल्याबरोबर का येतो?” तिने विचारले. मी घाईने म्हणाले, “तो खूप लांब आहे म्हणून.” तिने जरा विचार केला. “कल्याणपण लांब आहे. ते कुठे येतं आपल्याबरोबर?” कल्याणला गाडी बदलून शहाडला उतरेपर्यंत मला काही सुचले नाही. माझे उत्तर चूक नव्हते, पण तिच्या हाती त्यातून काहीच लागले नव्हते.

गेली बरीच वर्षे मी शहाडला पहिली ते चौथीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. विज्ञानाची पदवी माझ्याकडे नाही. जे वाचले ते वाचनालयातून आणि रद्दीच्या दुकानातून. मुलांचे प्रश्न मी वहीत टिपून ठेवते आणि त्यांची उत्तरे मराठी पुस्तकांत, मासिकांत, वृत्तपत्रांच्या बालपुरवण्यांत कशी दिली आहेत, हे ताडून पाहते. या लेखात त्या उत्तरांची चिकित्सा करायची आहे. कुठल्याही एका पुस्तकाचे नाव घेत नाही, कारण दोष एका पुस्तकाचा नाही. दिलेली माहिती बहुतेक ठिकाणी अचूकच असते. मला शंका आहे ती उत्तराच्या घडणीबद्दल.

मराठीत विज्ञान सांगण्याचा उद्योग जुना आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू केले, ते इतर विषयांबरोबर भौतिक शास्त्रे मराठी वाचकापुढे ठेवण्यासाठीच. १९२८ मध्ये ‘सृष्टिज्ञान’ निघाले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या साऱ्या परंपरेचा वाचक मात्र स्वतः वाचू शकणारा आहे. चार ते सात वर्षांच्या मुलाला वाचता येत नाही किंवा जेमतेम येते. त्याच्यापर्यंत विज्ञान पोहोचते ते आई, आजी, बालवाडीच्या ताई नाहीतर शिकवणीच्या काकू यांच्या तोंडून. म्हणून अशा लेखनाला मी पहिली कसोटी लावते ती ही, की छापलेले उत्तर घरातले माणूस जसेच्या तसे बोलू शकेल का?

या कसोटीवर सर्वांत आधी गळते ते ‘नामोत्तर’. हा शब्द माझा. प्रश्न घटनेचा असतो आणि उत्तरात नाव मिळते. दर उन्हाळ्यात मोहने-शहाडच्या बाजूला उल्हास नदी जलपर्णीने हिरवी होते. मूल विचारते, “ही बुडत का नाही?” उत्तर छापलेले असते, ‘उत्प्लावक बलामुळे.’ मूल गप्प बसते आणि आपल्याला वाटते, समजले. खरे तर त्याला एवढेच कळलेले असते, की मोठ्या माणसाला एक अवघड शब्द येतो. त्याऐवजी जलपर्णीचा फुगीर देठ आडवा कापून दाखवावा. आत स्पंजासारखी भोके दिसतात. तोच देठ बादलीतल्या पाण्यात दाबला की बुडबुडे येतात. देठात हवा भरलेली आहे, हे मुलाला आपल्या बोटांनी कळते. ‘उत्प्लावक बल’ हे नाव त्याला पुढे कधीतरी द्यावेच, पण तोवर ज्याला नाव द्यायचे ती गोष्ट त्याच्यापाशी असायला हवी.

भाषेचा अडसर किती खरा आहे, हे आपल्याकडे तपासलेले आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. तिथल्या व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यापासून मुंबईच्या महापालिका शाळांपर्यंत काम केले. विज्ञानाच्या पुस्तकाची मराठी ही मराठी मुलालाच परकी असते आणि ती सोपी केली की आकलन वाढते, असे त्यातून पुढे आले. या निष्कर्षाचे आपण सोयीस्कर वाचन केले असे मला वाटते. ‘सोपे शब्द वापरा’ एवढेच आपण त्यातून उचलले.

सोपा शब्दही फसवतो. उन्हाळ्यात माठाला ‘घाम’ येतो आणि थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्यालाही ‘घाम’ येतो. शब्द एक, घटना दोन. माठाचे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून बाहेर झिरपते. पेल्याबाहेरचे पाणी पेल्यातले नसतेच. ते हवेतल्या वाफेचे असते आणि गार पत्र्यावर त्याचे थेंब होतात. माझ्याकडची मुले हमखास म्हणतात, पेला गळतो. मी पेल्यातल्या पाण्यात गडद लाल रंग कालवायला सांगते. बाहेरचे थेंब पांढऱ्या कागदाने टिपले की कागदावर लाली उमटत नाही. मग शांतता पसरते आणि कुणीतरी म्हणते, “मग हे आलं कुठून?” हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. बोलीतला शब्द घ्यावा, पण तो काय झाकतो तेही पाहावे, हे काम लेखकाचे आहे. शब्दकोश ते करणार नाही.

यापेक्षा खोल अडचण मराठीच्या ‘का’मध्ये आहे. ‘कशामुळे’ आणि ‘कशासाठी’ असे दोन वेगळे प्रश्न आपल्याकडे आहेत, पण मूल विचारते फक्त ‘का?’ उत्तरही दोन्हींना एकाच शब्दाने संपते, ‘म्हणून’. पाऊस का पडतो? ‘शेत पिकावं म्हणून.’ पाऊस का पडतो? ‘ढगातले बारीक थेंब एकमेकांत मिसळून जड होतात आणि वर चढणाऱ्या हवेला ते पेलवत नाहीत म्हणून.’ एकात हेतू आहे, दुसऱ्यात कारण. फरक क्रियापदाच्या रूपात आहे, ‘पिकावं’ आणि ‘होतात’. तो कानाला जेमतेम जाणवतो. बालपुस्तकांत हे दोन ‘म्हणून’ सर्रास एकाच पानावर नांदतात. ‘झाडे आपल्याला प्राणवायू मिळावा म्हणून तो सोडतात’ अशा धाटणीच्या वाक्याला कुणी हरकत घेत नाही. झाड सूर्यप्रकाशात आपले अन्न करते आणि त्यात प्राणवायू सुटतो. आपण ते करतेवेळी झाडाच्या खिजगणतीतही नसतो. गोष्टीत हेतू असायला माझी ना नाही. चांदोबा रुसावा, ढगाने रडावे. पण माहिती म्हणून छापलेल्या पानावर ‘पिकावं’ आणि ‘होतात’ यांची सरमिसळ झाली, तर पाऊस न आलेल्या वर्षी मूल विचारील, “पावसाला शेत नको होतं का?” आणि चूक त्याची नसेल.

उजवी परंपराही आपल्यापाशी आहे. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी केली, त्यांत उत्तर हातात येते. होमी भाभा केंद्रात जयश्री रामदास यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘स्मॉल सायन्स’ मालिकेत मुलाला सांगण्यापेक्षा पाहायला आणि विचारायला लावले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा साधने परिसरातलीच घेतली. त्यांत पाने, बिया आणि शिंपले होते. मात्र या साऱ्याला वेळ आणि जागा लागते. लोकलमधल्या प्रश्नाला अर्धे मिनिट मिळते आणि हाताशी असते फक्त खिडकी.

चंद्राच्या प्रश्नाला त्या खिडकीतच उत्तर होते, हे मला उशिरा कळले. पुढच्या खेपेला मी तिला म्हणाले, “आधी जवळचे खांब बघ.” खांब भराभर मागे पळत होते. “आता तो मलंगगड बघ.” डोंगर सावकाश मागे सरत होता. “आता चंद्र.” चंद्र हलत नव्हता. ती स्वतःच म्हणाली, “जे लांब ते हळू.” चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे, त्यामुळे काही किलोमीटरच्या प्रवासात त्याची दिशा डोळ्यांना कळण्याइतकी बदलत नाही. हा आकडा मी तिला सांगितला नाही. मागच्या वेळी मी दिलेले ‘लांब’ हेच उत्तर होते, पण या वेळी ते तिने खांबापासून चंद्रापर्यंत मोजत नेले होते.

यावर पालकांची हरकत ठरलेली असते, “परीक्षेत बाष्पीभवनच लिहावं लागतं.” मान्य. पण ‘बाष्प’ म्हणजे वाफ आणि ‘भवन’ म्हणजे होणे, हे ओली पाटी उन्हात सुकताना पाहिलेल्या मुलाला दोन मिनिटांत सांगता येते. पाटी न पाहिलेल्याला तो पाच अक्षरांचा मंत्र राहतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे याने १९२० च्या दशकात लहान मुलांशी बोलून लिहिले, की चंद्र आपल्यामागे येतो असे त्यांना वाटते आणि नद्या, तळी माणसांनीच केली असेही वाटते. वय वाढते तशी ही समजूत जाते. माझ्या वहीत मात्र एक नोंद आहे, तिथे मी अडखळले. वालधुनीच्या पुलावरून जाताना एका मुलाने खाली पाहिले आणि विचारले, “पाणी असं का? कोणीतरी रंग टाकला ना?” पियाजेच्या हिशेबाने ही बालसमजूत. आमच्या हिशेबाने अगदी खरे. या नदीत जीन्स धुलाईचे आणि इतर कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे आले आहे. २०१४ मध्ये तिच्यात ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना दवाखान्यात जावे लागले होते.

मी त्याला म्हणाले, “हो, टाकला म्हणून.”

त्याने लगेच विचारले, “का टाकतात?”

हा ‘का’ कशामुळेचा नव्हता, कशासाठीचा होता. मी सांगितले, “पाणी साफ करायला पैसे लागतात. ते वाचावेत म्हणून.” पूल संपेपर्यंत तो खाली बघत राहिला.