चित्रकथीची कथा : पिंगुळीच्या 'कला आंगणा'तील संहिता

लोककलावंताच्या घराचे संग्रहालय झाले की त्या घटनेकडे एकतर कृतज्ञतेने पाहिले जाते किंवा हळहळीने. कला वाचली म्हणून कृतज्ञता. ती संग्रहालयात जाण्याइतकी जुनी झाली म्हणून हळहळ. समीक्षेला या दोन्ही भावनांचा फारसा उपयोग होत नाही. तिच्यापुढे प्रश्न असतो तो असा की, त्या घरात जतन झाली आहे ती नेमकी कोणती संहिता, आणि तेथे येणारा माणूस ती पाहतो की ऐकतो?

हा प्रश्न कोकणात सर्वांत टोकदारपणे उभा राहतो तो पिंगुळीत. कुडाळ तालुक्यातील हे गाव १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होते. राऊळ महाराजांच्या मठामुळे ते भाविकांना ठाऊक आहे. कलेच्या अभ्यासकांना ते ठाऊक आहे ते ठाकर समाजाच्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या यांमुळे. सावंतवाडीच्या सावंत-भोसले घराण्याचा या कलांना आश्रय होता. परशुराम विश्राम गंगावणे यांनी २००६ साली आपल्या घराच्या आवारातील गुरांच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' उभारले. चित्रांच्या पोथ्या, बाहुल्या आणि वाद्ये तेथे मांडली गेली. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली.

याच किनाऱ्यावर उत्तरेला मालगुंड येथे केशवसुतांचे जन्मघर आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषदेने ते स्मारक म्हणून उभे केले आणि १९९४ साली ते वाचकांसाठी खुले झाले. दोन्ही ठिकाणी घर आहे, दोन्ही ठिकाणी पाहुणे येतात. परंतु मालगुंडला जाणारा वाचक केशवसुतांची कविता बरोबर घेऊन जातो. ती छापलेली आहे. घर पडले असते तरी तिचा एक शब्द कमी झाला नसता. त्या घराचे मोल स्मरणाचे आहे. पिंगुळीच्या गोठ्याबाहेर चित्रकथीची पूर्ण संहिता कोणत्याही कपाटात नाही. जी आहे ती चित्रांत अर्धी आणि कथकाच्या कंठात अर्धी. म्हणून या जागेला स्मारक म्हणणे अपुरे ठरते.

चित्रकथीची रचनाच येथे लक्षात घ्यावयास हवी. एका आख्यानाची चित्रे एका पोथीत बांधलेली असतात. रामायण-महाभारतातील, पण ग्रंथांपेक्षा लोकपरंपरेला जवळ असलेली ही आख्याने. फूट-दीड फुटाचा कागद. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली. गणपती आणि सरस्वती यांच्या नमनाने प्रयोग सुरू होतो. सूत्रधार वीणेवर गातो, साथीला हुडूक आणि टाळ असतात. एक चित्र पुढे येते, पद होते, त्याचा गद्यात विस्तार होतो, चित्र उलटते. पृष्ठभागावर पात्रे बहुधा एका बाजूने रेखाटलेली दिसतात : मोठा डोळा, ठरलेली हस्तमुद्रा, समोरासमोर उभे ठाकलेले दोन पक्ष. चामड्याच्या बाहुलीशी या आकृतीचे नाते उघड आहे. बसलेला राजा आणि उभा दूत हा प्रसंग पोथीत पुनःपुन्हा येतो. तो कोणता राजा, आणि दूत निरोप घेऊन आला की धमकी, हे आवाज ठरवतो. या चित्रांना कोणी 'बाळबोध' म्हणते, त्याचे कारण ती मुकी पाहिली जातात हे आहे. चित्राने सारे सांगून टाकले असते तर कथकाला जागाच उरली नसती. ही रिकामी ठेवलेली जागा चित्रकाराने जाणीवपूर्वक राखलेली आहे, आणि तिच्यात या शैलीचे कौशल्य आहे.

चित्र दाखवून कथा सांगण्याची परंपरा एकट्या पिंगुळीची नव्हे. बंगालचे पटुआ, राजस्थानातील पाबूजीची फड सांगणारे भोपे, जावामधील वायांग बेबेर हे सारे तिचे सगोत्र. व्हिक्टर मेअर यांनी १९८८ सालच्या आपल्या ग्रंथात हा आशियाभर पसरलेला वंशवृक्ष मांडला आहे. त्यातले फडीचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. जीर्ण झालेली फड 'थंडी' केली जाते, म्हणजे पुष्करच्या पाण्यात विसर्जित होते. देवत्व वापरात आहे. वापर संपला की वस्तूला विसर्जनाचा अधिकार मिळतो. संग्रहालय नेमका हाच अधिकार काढून घेते. वाल्टर बेंजामिन यांनी १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात कलाकृतीचे पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य यांत जो भेद केला, तो मराठी समीक्षेत बहुधा छायाचित्र आणि चित्रपट यांच्याच संदर्भात उद्धृत होतो. प्रत्यक्षात तो पोथीला अधिक चपखल लागू पडतो.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रे आहेत. 'पैठण शैली' म्हणून कलेतिहासात प्रसिद्ध झालेली चित्रे याच परंपरेची. तेथे ती नीट राखलेली आहेत, आणि ती राखली नसती तर आज बोलायलाही काही उरले नसते, हे मान्य करावयास हवे. मात्र चित्र भिंतीवर लागताना त्याची एक बाजू निवडावी लागते. पाठीला चिकटलेले दुसरे चित्र, कथेत पुढे येणारे, भिंतीकडे तोंड करून राहते. सुट्या झालेल्या पानांची ओळख पटवताना कलेतिहासकाराची जी अडचण होते तिचे मूळ येथे आहे. व्हॅलेंटिना स्टाखे-रोझेन यांनी १९८४ साली पिंगुळीच्या चित्रांवर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच कथनाचा उल्लेख आधी आणि चित्रांचा नंतर येतो. हा क्रम पुढे सर्वांनीच पाळला असे नाही.

कला आंगणात ही अडचण वरवर पाहता सुटलेली दिसते. चित्राखालच्या चिठ्ठीचे काम तेथे माणूस करतो. पाहुणा आला की कुटुंबातील कोणी पोथी उघडते, वीणा हाती घेते, एखादे पद म्हणते, बाहुली नाचवून दाखवते. वस्तू आणि तिचा आवाज एकाच छपराखाली राहतात. शेजारी घर नांदते आहे. अंगणात आलेला माणूस तिकिटाचा ग्राहक होण्याआधी पाहुणा असतो. एवढ्या बाबतीत पिंगुळीने शासकीय संग्रहालयांच्या पुढे पाऊल टाकले आहे, यात शंका नाही.

परंतु या बोलण्याचा विषय बदलला आहे. देवळाच्या सभामंडपात चित्रकथी रामाची कथा सांगत असे. गोठ्यात तो चित्रकथीची कथा सांगतो : ठाकर कोण, शिवकाळात ते हेरगिरी करीत असे कसे सांगितले जाते, सावंतवाडीकरांनी आश्रय कसा दिला, लोकांनी पाठ कशी फिरवली, गोठा रिकामा करून बाहुल्या कशा टांगल्या. मूळ आख्यान या कथेत वानगी म्हणून येते. एका पदापुरते, दोन-तीन चित्रांपुरते. पूर्वी निवेदक होता तो आता नायक आहे. हे नवे आख्यान पोकळ आहे असे मात्र समजू नये. त्याला नमन आहे, संकट आहे, अनपेक्षित मान आहे. आल्बर्ट लॉर्ड यांनी १९६०च्या 'द सिंगर ऑफ टेल्स'मध्ये मौखिक रचनेविषयी जे सांगितले, की प्रत्येक सादरीकरणात रचना नव्याने घडते आणि ठरलेले साचे तिला आधार देतात, ते या नव्या कथनालाही लागू होते. मराठीत लोकसाहित्याच्या अभ्यासकाने अजून याच्याकडे संहिता म्हणून पाहिलेले नाही. तो अजूनही रामायणाचे जुने पाठभेद शोधत गोठ्यापाशी येतो आणि निवेदन संपण्याची वाट पाहतो.

या नव्या आख्यानात 'आदिवासी' हा शब्दही येतो, आणि तो सजावटीचा नाही. ठाकर ही महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतील जमात. मात्र जमातीचा दाखला पडताळताना बोली, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख यांची परीक्षा घेतली जाई, आणि अनेक ठाकूर-ठाकर कुटुंबांना ती न्यायालयापर्यंत घेऊन गेली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही आप्तभावाची कसोटी निर्णायक मानता येणार नाही असे स्पष्ट केले. ज्या समाजाला आपली संस्कृती कागदोपत्री सिद्ध करावी लागली, त्याच्या दृष्टीने भिंतीवर टांगलेली बाहुली निव्वळ रंजनाची वस्तू राहत नाही. शहरी आस्वादकाला तिच्यात वारसा दिसतो. ठाकराला पुरावाही दिसू शकतो. 'देशी' कलेचे गुणगान करणाऱ्या मराठी समीक्षेने या दुसऱ्या अर्थाची दखल क्वचितच घेतली आहे.

चित्रकथीच्या शेजारीच दशावतार आहे. तोही रात्रीचा, देवळाचा, पुराणकथेचा. त्याच्या मंडळ्या आजही जत्रांतून फिरतात, गावकरी पहाटेपर्यंत बसतात. दशावतार जिवंत राहण्यासाठी कोणाला आपला गोठा रिकामा करावा लागलेला नाही. दोहोंतील फरक गुणवत्तेचा नसून प्रेक्षकाचा आहे. दशावताराचा प्रेक्षक कथा आधीच जाणतो आणि तरीही रात्रभर थांबतो. आंगणात येणाऱ्याला मुंबई-गोवा रस्त्यावरचा पुढचा टप्पा गाठायचा असतो. त्याच्या वेळात आख्यान मावत नाही, म्हणून कथकाने ते कापले. हा दोष कथकाच्या माथी मारता येणार नाही. विद्यापीठांचे मराठी विभाग चर्चासत्रात चित्रकथी ठेवतात तेव्हाही उद्घाटनानंतरची वीस मिनिटेच देतात. ज्यांनी पूर्ण रात्र मागायला हवी, त्यांनीच वानगीची सवय लावली.

आंगणात चित्रे नव्याने काढलीही जातात आणि विकतही मिळतात. रंग ताजे, रेषा परंपरेतली, डोळे तसेच मोठे. त्यांतली काही दिवाणखान्यांत जातात, चौकटीत बसतात, आणि कलावंताच्या घरी त्यामुळे चार पैसे येतात, जे सभामंडपातून येणे केव्हाच थांबले होते. जुन्या पोथीतील पान उलटले की मागे पुढचा प्रसंग असे. भिंतीसाठी काढलेल्या चित्राला मागची बाजू लागत नाही.