मिश्र रक्तातील जनुकाविष्कार : एक आक्षेप

ल्यूपस ह्या व्याधीत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशीकेंद्रांतील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. ही प्रतिपिंडे बी पेशींच्या वंशातून उत्पन्न होतात. रुग्णांच्या व निरोगी व्यक्तींच्या रक्तातील आरएनए मोजून कोणती जनुके अधिक कार्यरत आहेत हे ठरविण्याची पद्धती आता रूढ झाली आहे. इंटरफेरॉनप्रेरित जनुकांची वाढ २००३ साली अशाच मोजणीतून प्रकाशात आली. पद्धतीचे हे श्रेय निर्विवाद होय. तथापि मिश्र रक्तातील वाढीवरून पेशींचे वर्तनच पालटले, असे जे अनुमान काढण्यात येते, ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

येथे नाशिक जिल्ह्यातील बोलींचा दृष्टान्त घेता येईल. बागलाण-मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा, तर शहरात प्रमाण मराठीला जवळची बोली चालते. शहरातील बाजाराचे सारे संभाषण एकत्र करून शब्दगणना केली, आणि पुढील खेपेस अहिराणी शब्द वाढलेले आढळले, तर नाशिककरांनी आपली बोली टाकली असे म्हणावयाचे काय? त्या दिवशी बागलाणकडील मंडळीच अधिक आली असतील. बोलणारा तोच राहिला. बोलणाऱ्यांचे प्रमाण तेवढे बदलले.

रक्ताचेही तसेच आहे. ल्यूपस बळावला असता प्लाझ्माब्लास्ट ह्या पेशींची संख्या बहुधा वाढते, आणि प्रतिपिंडांची जनुके त्यांच्यात अतिशय जोमाने कार्य करतात. त्यामुळे ती जनुके मिश्र रक्तात वाढलेली दिसली, तरी प्रत्येक बी पेशी अधिक कार्यरत झाली असे सिद्ध होत नाही. उलटपक्षी, आयजीडी व सीडी२७ ही दोन्ही चिन्हे नसलेल्या उपगटातील काही पेशींत टी-बेट हे प्रथिन वाढलेले असते. हे वैशिष्ट्य मिश्रणात झाकले जाण्याचा संभव असतो.

हा केवळ पंडिती वाद नव्हे. रिटुक्सिमॅब हे औषध सीडी२० धारण करणाऱ्या पेशींवर आघात करते. पक्व प्लाझ्मा पेशींत त्या चिन्हाचे जनुक जवळजवळ मूक असते. म्हणून त्या बचावतात व प्रतिपिंडे निर्माण करीत राहतात. कोणते जनुक कोणत्या उपगटात जागे आहे, हे न कळता केलेल्या चिकित्सेचा भार अखेर रुग्णासच वाहावा लागतो.

यास्तव उपगट वेगळे करून, शक्य तेथे एकेका पेशीचे आरएनए वाचून, संख्या व वर्तन ह्यांची नोंद स्वतंत्रपणे केली पाहिजे. अर्थात उपगटांच्या सीमाही बोलींच्या सीमांसारख्याच सरकत्या असतात. पेशी एका अवस्थेतून दुसरीत जाते. परंतु सीमा पुसट आहे म्हणून भेदच नाही, असे मानणे बोलींच्या अभ्यासात जितके अनिष्ट, तितकेच रक्ताच्या अभ्यासातही होय.