मुरारची रात्र आणि झाशीचे बिजन

ग्वाल्हेरलगतच्या मुरार छावणीत 14 जून 1857 च्या रात्री कंटिंजंट फौजेने उठाव केला. या फौजेचा खर्च शिंदे सरकारने सोसावा आणि हुकमत इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवावी, अशी व्यवस्था होती. उठावात मारल्या गेलेल्यांत छावणीचे पाळक जॉर्ज कूपलँड हेही होते. त्यांच्या विधवेने लिहिलेले ‘ए लेडीज एस्केप फ्रॉम ग्वालियर’ हे पुस्तक 1859 मध्ये लंडनला निघाले. लेखिका पाळकाची पत्नी असल्यामुळे आम्हांस त्याचे परीक्षण अधिक कसोशीने करणे भाग आहे.

प्रसंगवर्णनात पुस्तक बळकट आहे. घरच्या नोकरांनी झोपडीत लपविले, शिपायांनी पतीस ठार केले, परंतु बहुतेक स्त्रियांना जिवंत जाऊ दिले, हे बाईंनी स्वतःच नमूद केले आहे. गर्भवती अवस्थेत त्या आग्र्याच्या किल्ल्यात पोहोचल्या. येथवर वाचकाचे मन त्यांच्याबरोबर चालते. पुढे त्या दिल्ली पाहतात. इंग्रजांनी ती जिंकल्यावर तेथील निःशस्त्र रहिवाशांचीही कत्तल झाली होती. तरीही शहर जमीनदोस्त केले नाही, याचीच बाईंना खंत! ज्यांनी वाचविले ते आणि ज्यांनी मारिले ते, हा त्यांनी स्वतः पाहिलेला भेद येथे पुसला जातो. उरते ती केवळ एक जात.

याच्या शेजारी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवावा. (चिंतामण विनायक वैद्यांनी 1907 मध्ये छापलेल्या पाठापेक्षा दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेला पाठ घ्यावा.) वरसईचे हे भिक्षुक ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि एप्रिल 1858 मध्ये झाशीच्या बिजनात सापडले. झाशीत 8 जून 1857 रोजी झोकनबागेत शरण आलेल्या साठच्या आसपास युरोपियनांना स्त्रिया-मुलांसह मारण्यात आले होते. त्याचा सूड ह्यू रोजच्या सैन्याने रस्त्यारस्त्यांतून उगविला. त्या अपराधाशी ज्यांचा संबंध नव्हता तेही त्यात मेले. भटजी आपल्या भयाला तत्त्वज्ञानाचा मुलामा देत नाहीत. त्यांची दृष्टी पुष्कळदा आपल्या ज्ञातीपुरती राहते, हा दोष आम्ही झाकीत नाही. परंतु एखादे शहर नष्ट करा, असा धावा त्यांच्या लेखणीतून निघत नाही.

शोकाकुलाचा आक्रोश पवित्र शास्त्रानेही दाबलेला नाही. 137 वे स्तोत्र बाबेलच्या तान्ह्या मुलांपर्यंत जाते, आणि ते वाचताना आपण पाळक मंडळी बहुधा शेवटची वचने गाळतो. पण तो आक्रोश देवापुढे केलेला आहे, सेनापतीपुढे नव्हे. अब्राहाम तर सदोमासाठी पन्नासांपासून दहांपर्यंत रदबदली करीत उतरला. दिल्लीपुढे उभ्या राहिलेल्या कूपलँडबाईंना मुरारच्या झोपडीतले आपले नोकर आठवावयास हवे होते.

हुतात्म्यांच्या स्मरणदिनी कोणी उपदेशक मुरारचा प्रसंग निरूपणास घेणार असेल, तर त्याने बाईंचे दिल्लीवरील लेखनही वाचावे आणि त्याच बैठकीत भटजींची झाशीही.