बाल्यातील भय आणि ‘स्मृतिचित्रे’

आपण एकाकी व असहाय आहोत आणि भोवतालचे जग आपल्याशी वैर धरून आहे, ही बालमनात रुजणारी भावना म्हणजे ‘मूलभूत चिंता’ होय, असे प्रतिपादन कॅरेन हॉर्नी यांनी १९३७ मध्ये केले. या चिंतेचे मूळ फ्रॉइडप्रमाणे सहजप्रवृत्तींत न शोधता त्यांनी ते मातापित्यांच्या व बालकाच्या बिघडलेल्या संबंधांत शोधले. पुढे १९४५ मध्ये त्यांनी या चिंतेतून निघणाऱ्या तीन वाटा स्पष्ट केल्या: लोकांना शरण जाणे, लोकांवर चालून जाणे आणि लोकांपासून दूर होणे.

हे त्रिविध वर्गीकरण समीक्षकाला मोहात पाडणारे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर ते लावून पाहिले असता त्याचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही ध्यानात येतात. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या मातामहांना फाशी झाली. त्या आघातानंतर त्यांच्या वडिलांना सोवळ्याने पछाडले. विटाळाच्या धास्तीखाली सारे घर वावरू लागले आणि मुलांचे बाल्य त्या धाकात गेले. १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला, तो घर सोडून अकस्मात निघून जाणाऱ्या, शीघ्रकोपी नारायण वामन टिळकांशी. १८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि परित्यागाचे भय प्रत्यक्षात उतरले.

एवढ्यावरून लक्ष्मीबाईंना ‘शरणागत’ वर्गात बसविणे सोपे आहे. परंतु ते ग्रंथाला धरून होणार नाही. त्या पतीच्या लहरी सोसतात, प्रसंगी त्याच्याशी भांडतात, आणि धर्मांतरानंतर त्याच्यापासून दूरही राहतात. पुन्हा एकत्र येतानाही काही काळ त्या आपले सोवळे सांभाळतात. जातिभेद मनुष्यकृत आहे असे स्वतःच्या मनाला पटल्यावरच ते सोडतात, आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतात. तिन्ही वाटा येथे आहेत. मात्र एकीचीही सक्ती नाही. हॉर्नींच्या उपपत्तीतील खरा निकष नेमका हाच आहे. निरोगी मनुष्यही या तिन्ही वाटांनी जातो. विकृती असते ती एकाच वाटेने जाण्याच्या अगतिकतेत. वर्गीकरण उचलून हा निकष सोडणारी समीक्षा ग्रंथाला रुग्णाचे टिपण करून टाकते.

तथापि या उपपत्तीने न उलगडणारा एक भाग उरतो, तो म्हणजे निवेदनातील विनोद. ज्या सोवळ्याने मुलांना धाकात ठेवले, त्याचे वर्णन वाचकाला हसविते. हे हसू त्या मुलीचे नव्हे. उतारवयात लिहिणाऱ्या स्त्रीचे आहे. म्हणून बाल्यातील भयातूनच विनोद उपजला, असा कार्यकारणभाव या ग्रंथावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, भय देणाऱ्या पित्याकडे लेखिका न्यायाधीशाच्या नजरेने पाहत नाही. त्याच्या सोवळ्याआधी ती त्या फाशीची हकीकत सांगते. ज्या भयाचे कारण बालकाला कळणे शक्य नव्हते, ते पित्याचेही भयच होते, हे प्रौढ लेखणी जाणते.

बाल्यातील चिंता प्रौढपणी माणसांशी जडणाऱ्या नात्यांना वळण देते, हे निर्विवाद आहे. परंतु ज्याने भय दिले त्याचेही भय ओळखता येणे, हीदेखील नाते जोडण्याची एक रीत आहे. हॉर्नींच्या तीन वाटांत तिला स्थान नाही. ‘स्मृतिचित्रे’च्या पहिल्या पानांत ते आहे.