पालकांचा अभाव की पालकांचा अपराध? : बालसंरक्षणविषयक काही न्यायनिर्णयांची चिकित्सा

'बालकास पालकांची काळजी लाभत नाही' या विधानाचे दोन अर्थ संभवतात. पहिला अर्थ बालकाच्या स्थितीचे वर्णन करतो, तर दुसरा पालकांवर दोषारोप करतो. आपल्या न्यायनिर्णयांत हे दोन अर्थ अनेकदा एकमेकांत मिसळले गेले आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

1986 च्या बाल न्याय अधिनियमाने भीक मागणारे मूल, घरदार नसलेले निराधार मूल आणि देहविक्री करणाऱ्या स्त्रीजवळ राहणारे मूल यांना 'उपेक्षित बालक' या एकाच संज्ञेत बसविले होते. या संज्ञेचे परिणाम 'गौरव जैन विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात दिसतात. अशा मुलांसाठी स्वतंत्र शाळा व वसतिगृहे काढावीत ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये अमान्य केली, ते योग्यच झाले. परंतु त्याच आदेशात, या मुलांची ओळख पटताच त्यांना मातांपासून वेगळे करता यावे म्हणून वसतिगृहे व सुधारगृहांत पुरेशी सोय असावी, असेही म्हटले आहे. इतर मुलांपासून तोडणे अहितकारक मानणाऱ्या न्यायालयास आईपासून तोडणे मात्र हितकारक वाटले! कुंटणखान्यातील धोका खराच आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि आई मुलास कसे सांभाळते, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. तिचा व्यवसाय हाच पुरावा ठरतो. 1997 च्या निर्णयातही 'उपेक्षित बालक' या व्याख्येचाच आधार घेतला गेला.

याहून प्रगल्भ दृष्टी त्याआधीच, 1984 च्या 'लक्ष्मीकांत पांडे' निर्णयात आढळते. विषय परदेशी दत्तकाचा होता. पण बालकाचे पहिले स्थान जन्मदात्या कुटुंबात आहे, ही भूमिका न्या. भगवती यांनी तेथे स्पष्ट केली. 2000 च्या अधिनियमाने 'उपेक्षित' हा शब्द वगळून 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ही संज्ञा स्वीकारली. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय असावा, हे तत्त्व 2015 च्या अधिनियमाच्या कलम 3 मध्ये आहे. तमिळनाडूतील अनाथालयांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2017 रोजी ही व्याख्या संपूर्ण नसून तिचा अर्थ व्यापकपणे लावावा, असे म्हटले. ही व्यापकता स्वागतार्ह आहे. मात्र ती दुधारी आहे.

ती आपल्याच परिसरात तपासून पाहावी. जुन्नर तालुक्यात पिंपळवंडीच्या आसपास ऊसतोडीच्या हंगामात टोळ्या कोप्या करून राहतात. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल दोघांच्या नावावर असल्याने दोघांनाही पहाटे फडावर जावेच लागते. तान्हे मूल बांधावर झोळीत, थोरले कोपीपाशी, आणि उसात बिबट्याचा वावर. कायद्याच्या दृष्टीने या मुलास स्थिर निवारा नाही आणि पालक दिवसभर त्याची काळजी घेण्यास असमर्थ आहेत. म्हणजे बाल कल्याण समितीसमोर त्यास उभे करण्यास व्याख्या पुरेशी आहे. परंतु येथे काळजीचा अभाव निर्माण करणारी गोष्ट उचल आहे, आई नव्हे. फडाजवळ पाळणाघर असेल तर हेच मूल त्या व्याख्येतून बरेचसे बाहेर पडते. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा मजुरीचा करार आणि मुलाचा सांभाळ हे प्रश्न एकत्र पाहण्याची वाट मोकळी झाली.

दंडविधानात मात्र ही दृष्टी अर्धवट उतरली आहे. 2015 च्या अधिनियमाचे कलम 75 बालकाचा त्याग व हेतुपुरस्सर हेळसांड या दोहोंस शिक्षा सांगते. जन्मदात्यांनी आवाक्याबाहेरील परिस्थितीमुळे मुलाचा त्याग केल्यास तो हेतुपुरस्सर नाही असे गृहीत धरावे, असे त्याचे परंतुक आहे. पण हे गृहीतक त्यागापुरतेच आहे, हेळसांडीस ते लागू नाही. परिस्थितीपायी मूल कायमचे सोडून जाणाऱ्या मातेस कायदा जो दिलासा देतो, तो मूल कोपीपाशी ठेवून संध्याकाळी परतणाऱ्या मातेस देत नाही.